तेरा फुटांचं बिऱ्हाड

गाडी मागे घेताना हल्ली मी हातवारे करत नाही.
ऑर्व्हलची मान वळत नाही,
आणि "थांब" त्याला ऐकू येतं
ते धडकल्यावर.
म्हणून ट्रेलरच्या कडीपाशी एक काठी उभी केलीय,
काठीच्या टोकाला टेनिसचा पिवळा चेंडू.
चेंडू आरशात मधोमध आला
की मी गाडीच्या पत्र्यावर थाप मारते,
एकदा म्हणजे अजून, दोनदा म्हणजे बस्स.
अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात
एवढीच भाषा असती
तरी भागलं असतं.

लिनेट म्हणते, विकून टाका.
दर रविवारी म्हणते, चर्चमधून परतल्यावर,
मागे तिच्या नळाचं पाणी वाहत असतं.
म्हणते, डॅड शहाऐंशीचा झाला.
मी म्हणते, ट्रेलरही एक्कावन्नचा झालाय,
कोण घेणार त्याला?
हे खोटं आहे.
बर्न्सच्या पेट्रोलपंपावर एका दाढीवाल्या पोरानं
आम्ही दिली होती त्याच्या चौपट किंमत सांगितली,
खिडकीच्या गोल कडेवरून हात फिरवत,
घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.
ऑर्व्हलनं ऐकू आलं नाहीसं केलं.
कधी कधी त्याला खरंच येत नाही.

आधी आम्ही तंबूत झोपायचो.
मग गुडघे आले.
मग हे तेरा फुटांचं अंडं आलं, पांढरं,
आत उभं राहायला एकच जागा,
तिथे उभं राहायचं तर दुसऱ्यानं बसायचं.
घाट सोडले, अंधार पडल्यावर गाडी चालवणं सोडलं,
लाकडं शेजारची माणसं फोडून देतात,
बसएवढ्या गाडीतून आलेली,
ज्यांना तिच्यातून बाहेर यायला संध्याकाळ होते.
कॉफी मात्र अजून त्याच काळ्या किटलीत,
आणि ती अजून वाईटच.

रात्री तो तीनदा उठतो.
दाराकडे तो, भिंतीकडे मी.
तो उठला की घर उठतं:
चमचे, किटली, गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा
स्प्रिंगांवर जरासे डुलतात,
आणि तो परत आला की पुन्हा एकदा.
गावातल्या घरी तो उठला तर मला कळत नाही.
पलंग मोठा, गालिचा जाड.
इथे कळतं.
हे मी लिनेटला सांगितलेलं नाही.

नातवानं जांभळ्या उजेडाची बॅटरी दिली होती,
विंचू त्यात हिरवे चमकतात म्हणे.
दुसऱ्या रात्री, पायरीपासून दोन हातांवर,
सेजब्रशच्या बुंध्याशी दिसली एक.
चमकत होती ती एकटीच.
पाठीवर गच्च बसलेली पिल्लं नुसती फिकट,
उकडलेल्या तांदळासारखी.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ते हे.
ऑर्व्हल मोजायला लागला,
सतराला चुकला, पुन्हा एकपासून.
पहिली कात टाकली की उतरतात, तो म्हणाला,
जातात आपापली.
मी म्हटलं, फोन करतात रविवारी.
त्याला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.
बराच वेळ आम्ही वाकून उभे होतो,
आणि मग सरळ होणं हा एक वेगळाच कार्यक्रम झाला,
एकमेकांच्या कोपराला धरून,
तिसऱ्या माणसाला हाक मारावी का असा विचार करत.

सकाळी निघायचं.
खारट तळ्यावरून वारा, तोंडावर बारीक पांढरी धूळ.
चाकांखालचे ठोकळे मी काढले,
ते त्यानं पुन्हा पाहिले.
पुढचा जॅक फिरवायचा तर ऐंशी फेरे लागतात.
आमच्यात ठरलंय: चाळीस त्याचे, चाळीस माझे,
मध्ये श्वास, पाण्याचा घोट, आभाळाबद्दल काहीतरी.
आज त्याचे छत्तीस झाले.
माझे चव्वेचाळीस.
आम्ही हिशेब ठेवत नाही.
मी ठेवते.